पायाला आधी कळतं

काठावर बसून गळ टाकणं मला कधी जमलंच नाही, मी ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये बसून तलावात जातो. मधल्या भोकात नायलॉनच्या निवारीची बैठक विणली आहे, पाय खाली पाण्यात, पायात फ्लिपर, अंगात लाइफ जॅकेट. बाहेरच्या देशात याला फ्लोट ट्यूब म्हणतात अन् मस्त किंमत लावून विकतात, आपल्याकडचे ढिवर लोक मात्र अशाच ट्यूबवर बसून जाळी टाकतात, मी त्यांचंच बघून शिकलो.

तलाव कुठला ते नाही सांगणार. उमरेड रोडकडे आहे एवढंच, नाहीतर पुढच्या रविवारी अर्धं नागपूर तिथे. खिंडसीला बोटिंगवाल्यांची वर्दळ, तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात म्हणून मासेमारीला बंदी, आणि फुटाळ्यावर मासे कमी, सेल्फी जास्त. माझ्या तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांना विचारूनच उतरतो. तिथल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाय लय नको हालवू बापू, मासा पयतो."

फ्लिपर मारले की ट्यूब उलटी जाते, म्हणजे तोंड नेहमी मागे सोडलेल्या काठाकडे, आणि जिकडे जायचं तिकडे पाठ. एकदा असाच उलटा उलटा बाभळीच्या बुडालेल्या फांदीत शिरलो आणि स्सस्स. काठ गाठेपर्यंत अर्धी हवा गेली होती, बायकोला हे अजून माहीत नाही.

पण खरी गंमत पायांची. मे महिन्यात सकाळी आठलाच डोकं तापतं, वरचं वीतभर पाणी चहासारखं कोमट, आणि फ्लिपरपाशी एकदम गार! म्हणजे एकाच वेळी माझ्यात दोन ऋतू. रोहू त्या गारव्यातच दबून असतो, म्हणून हिंग लावलेली कणकेची गोळी खाली सोडायची, वर कितीही नाचवा, काही होत नाही. काठावर पाणी इतकं मागे गेलेलं असतं की गाळपेरीतल्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या काकड्या ओलांडून यावं लागतं.

मृग लागला की मी ट्यूब खुंटीला टांगतो. विजा, गढूळ पाणी, वरून वाहून येणारी लाकडं, कोण जाणार बाप्पा. शिवाय तो माशांचा अंडी घालायचा काळ. रोहू-कतल्याला त्यासाठी वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तलावात ते होत नाही, म्हणून सोसायटी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडते. मरळीचं तसं नाही, ती तलावातच घरटं करते. एका वर्षी राहवलं नाही म्हणून पोळ्याच्या आधी उतरलो तर पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा वळवळत होता आणि खाली आईबाप राखण करत होते. त्या वेळी रबराचा बेडूक टाकला तर मरळ चिडून घेतेच घेते, पकडायला याहून सोपं काही नाही, पण राखण गेली की पिल्लं लगेच संपतात. मी नाही टाकला. सोबतचा दोस्त म्हणाला, "काहून बे, साधू झाला का?"

मग दिवाळीनंतर शिंगाडे निघतात, पाणी निवळतं, महिना-दीड महिना खरी मजा. आणि जानेवारीत सगळं उलटं. पहाटे पाण्यातून वाफ निघते, कान गोठतात, बोटांनी गळाच्या तंगूसाला (नायलॉनच्या दोऱ्याला) गाठ मारता येत नाही, आणि पाय मात्र उबेत, पाणी हवेपेक्षा गरम असतं ना. मासा तेव्हा खात नाही. गारठला की त्याची भूकच मरते. तरी मी जातो, कारण हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस त्याच पाण्यात उतरतात, आणि ट्यूबमधल्या माणसाचं फक्त डोकं-खांदे दिसतात म्हणून की काय, फार जवळ येऊ देतात. मागच्या वर्षीच्या त्या पूर्ण महिन्यात मला दोन तिलापिया मिळाल्या, दोन्ही तळहाताएवढ्या. मांजरीला दिल्या.

आता अडचण एकच, ट्यूबला सहा पॅच झालेत आणि पंक्चरवाला सातवा मारायला तयार नाही. ट्रकलाही ट्यूबलेस आल्यापासून चांगली ट्यूब शोधावी लागते. कोणाच्या गॅरेजमध्ये हजार-वीस साइजची जुनी पडली असेल तर सांगा राव, दिवाळीच्या आत पाहिजे.