भोसरीतल्या कामासाठी वर्कस्टेशन निवडताना

भोसरीतील आमच्या छोट्या डिझाइन कार्यालयासाठी नवे वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठीचा संगणक, घ्यायचे ठरले, तेव्हा पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून चौकशीला सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळाला तो जास्तीत जास्त कोअरचा (म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करू शकणाऱ्या भागांचा) प्रोसेसर घेण्याचा. आमचे मुख्य काम सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जिग आणि फिक्श्चरची (कारखान्यात काम चालू असताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांची) मॉडेल बनवण्याचे आहे. अशा मॉडेलमधील प्रत्येक फीचर (छिद्र, खाच यांसारखा एकेक घटक) आधीच्या फीचरवर अवलंबून असल्यामुळे, एखादे माप बदलल्यावर होणारी पुनर्बांधणी बव्हंशी क्रमानेच चालते आणि तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग अधिक उपयोगी पडतो. रेंडरिंग किंवा ताण-विश्लेषण रोजचे असते, तर हिशेब वेगळा झाला असता.

ग्राफिक्स कार्डाबाबत मात्र मी हट्ट धरला. खेळांसाठीचे कार्ड त्याच किमतीत कागदावर वेगवान दिसते. पण सॉफ्टवेअर कंपनीने तपासलेल्या कार्ड-ड्रायव्हरच्या यादीत ते नसेल, तर मोठी असेंब्ली (अनेक भागांची जुळणी) पडद्यावर फिरवताना कडा गायब होण्यासारख्या अडचणींत दाद कोणाकडे मागायची? म्हणून व्यावसायिक मालिकेतलेच, पण मधल्या क्षमतेचे कार्ड घेतले.

मेमरी ३२ जीबी ठेवली आणि पुढे वाढवता यावी म्हणून दोन स्लॉट रिकामे सोडले. साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क, घेतली. त्यात विचार करण्यासारखे फारसे नव्हते. वाचलेल्या पैशांत चांगला यूपीएस आला, कारण आमच्या भागातली वीज सेव्हचे बटण दाबण्याची वाट पाहत नाही.