आमची वाटचाल : खोक्यांचा धंदा आणि गाडीचा कर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात २००८ साली आम्ही दोघा भावांनी पुठ्ठ्याची खोकी बनवायला सुरुवात केली. सातपूर आणि गोंद्याच्या कारखान्यांना वर्षभर माल जातो, आणि द्राक्षांचा हंगाम लागला की पिंपळगाव, ओझर, दिंडोरीच्या पॅकहाउसना. या धंद्यात नवा उतरणारा माणूस कागदाचा भाव, मजुरी आणि वीज धरून दर काढतो. खरी मेख वाहतुकीत आहे. खोकी घडी करून गठ्ठे बांधले तरी गाडीचा हौदा छतापर्यंत भरतो, आणि वजनाची मर्यादा मात्र अजून लांबच असते. त्यामुळे फेऱ्या जास्त होतात, आणि गाडीवरचा प्रत्येक कर शेवटी खोक्याच्या दरात येऊन बसतो.

सुरुवातीच्या वर्षांत डोकेदुखी होती ती जकातीची. पुठ्ठ्यासाठी लागणाऱ्या क्राफ्ट कागदाची रिळं वापीहून पेठच्या घाटातून यायची आणि नाक्यावर अडकायची. कराची रक्कम परवडायची, पण ट्रक तासन् तास रांगेत आणि इकडे मशीन बंद. २०१३ मध्ये जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांची त्यातूनही सुटका झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. जीएसटीबद्दल कोणी काहीही म्हणो, आमच्यासारख्याला त्या एका गोष्टीने मोठा दिलासा दिला. संध्याकाळी वापीहून निघालेला कागद सकाळच्या पाळीला हमखास हाताशी असायला लागला.

मग २०२५ आलं. मार्चच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी मोटार वाहन कर जाहीर केला आणि जुलैपासून तो लागू झाला. पूर्वी हा कर वजनावर ठरायचा. दहा लाखांच्या पिकअपला एकरकमी भरला तर साधारण २०,००० रुपये लागायचे, तिथे आता ७०,०००. सप्टेंबरच्या २२ तारखेला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. टायरचाही २८ चा १८ झाला, आणि मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा १२ चा ५. शेजारच्या गाळेवाल्यांनी अभिनंदन केलं, ‘आता घ्या नवी गाडी!’

दिवाळीनंतर आम्ही खरोखरच शोरूमचं कोटेशन आणलं. धाकटा भाऊ ते टेबलावर पसरून प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण करत होता. जो कर परत मिळतो त्यापुढे बरोबर, जो मिळत नाही त्यापुढे फुली. आरटीओच्या ओळीवर तो थांबला. ‘दादा, जीएसटी कमी झाला म्हणून लोक खूश आहेत, पण तो तर आपण आधीही क्रेडिटमधून घेत होतो. हा ७ टक्के कुठून परत घ्यायचा?’

मुद्दा त्याने नेमका पकडला होता. माल वाहणाऱ्या गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करता येतो. मोटार वाहन कराचं मिळत नाही. डिझेलचंही नाही, कारण डिझेल जीएसटीत नाहीच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, नाशिकला तो २१ टक्के. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिझेलवरचं शुल्क लिटरमागे १० रुपयांनी, मे २०२२ मध्ये ६ रुपयांनी आणि जुलैमध्ये राज्याचा व्हॅट ३ रुपयांनी उतरला, तेव्हा प्रत्येक वेळी आमच्या फेरीचा खर्च त्याच आठवड्यात कमी दिसला. परत न मिळणाऱ्या करातली सवलत खरी, हे आम्ही तेव्हापासून धरून चाललो आहोत.

आमच्या धंद्यात आणखी एक गाठ बसली आहे. त्याच २२ सप्टेंबरला खोक्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला आणि कागदावरचा १२ वरून १८. भरतो १८ टक्क्यांनी, वसूल करतो ५ टक्क्यांनी, म्हणून क्रेडिट खात्यात साचतं. कच्च्या मालाच्या साचलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो, पण गाडी ही भांडवली वस्तू असल्याने तिचं क्रेडिट त्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे कागदावर आमचं, पण वापरायला वाव नाही. जीएसटी १८ वर आल्याचं समाधान आम्हाला आज आहे ते एवढ्यासाठी की अडकणारी रक्कम तेवढी कमी झाली.

एकरकमी कराबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. कर्ज मिळतं गाडीच्या किमतीवर. कर, विमा आणि बंद बॉडीचे पैसे रोख मोजावे लागतात. वार्षिक कर असताना हंगाम संपल्यावर गाडी वापरात नसल्याचं आधी कळवून तेवढ्या काळाचा कर वाचवता यायचा. आमच्यासारख्या हंगामी गाड्यांना त्याचा फार आधार होता. मोठ्या वाहतूकदाराला वर्षभर गाडी पळवून हा भार वाटून टाकता येतो, छोट्या कारखानदाराला नाही. आयकरातही भाड्याने चालणाऱ्या ट्रकला ३० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी मिळणारी वजावट, आणि स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीला १५ टक्के. हप्त्यांची किंवा वार्षिक भरण्याची मुभा सरकारने छोट्या गाडीवाल्यांना परत द्यायला हवी.

आम्ही मोठी पिकअप पुढे ढकलली आणि अंबड-सातपूरच्या फेऱ्यांसाठी इलेक्ट्रिक तीनचाकी घेतली. तिच्यावर जीएसटी ५ टक्के आणि राज्याच्या धोरणामुळे मोटार वाहन कर माफ. जास्त जागा आणि कमी वजन, असा आमचा माल या गाडीला अगदी मानवतो. द्वारका चौकाच्या कोंडीत उभं राहिलं तरी डिझेल जळत नाही. पिंपळगावची मोठी खेप मात्र जुन्या डिझेल टेम्पोनेच जाते. त्याला आठ वर्षं झाली आहेत, म्हणजे पर्यावरण कर लागला आणि फिटनेस तपासणी आता दरवर्षी. या हंगामापासून पॅकहाउसच्या बिलात खोक्यांचा दर आणि पोहोच खर्च वेगळे दाखवतो. दोन्हींवर जीएसटी खोक्याचाच, ५ टक्के लागतो, त्यामुळे बागाईतदारांची हरकत नाही. दिंडोरीच्या दोघांनी तर वेगळा आकडा पाहिल्यावर आपापल्या ऑर्डरी एकाच फेरीत बसवून घेतल्या.