साडेसातशे वर्षांचा खोडवा

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात बेरी सेंट एडमंड्स हे जुने गाव आहे. तेथून आग्नेयेला सात-आठ मैल गेले, की रस्ता एका गाडीपुरता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना गव्हाची आणि रेप या मोहरीसारख्या तेलबियांची पिवळीधमक शेते लागतात आणि शेतांच्या मधोमध अचानक एक रान सुरू होते. ब्रॅडफिल्ड वूड्स हे त्याचे नाव. क्षेत्र फार नाही, सुमारे ८० हेक्टर. धबधबा नाही, टेकडी नाही, नजरेत भरावे असे काहीही नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी माझ्या वडिलांना, अण्णांना, तेथे घेऊन गेले. ते आमच्या सांगली जिल्ह्यातील गावाहून तीन महिन्यांसाठी केंब्रिजला माझ्याकडे आले होते. कॉलेजांच्या इमारती पाहून झाल्या होत्या आणि आता त्यांना जमीन बघायची होती.

रानात शिरल्यावर पहिली शंभर पावले आम्ही काहीच बोललो नाही. तेथील शांतता निःशब्द नसते. पायाखाली चिकणमाती चुबकत असते, कुठेतरी सुतारपक्षी खोडावर ठोके देत असतो आणि उंच ओकांच्या शेंड्यांवरून वारा जात असतो. मग वाट वळली आणि समोर एकदम उजाड तुकडा आला. एकर-दीड एकर जागेतील झाडे जमिनीलगत कापून नेलेली, मधून मधून एखादा सरळ ओक तेवढा राखलेला, कडेला फांद्यांचे भारे रचलेले. वृक्षतोड झाली असे वाटून मी थबकले. अण्णा मात्र वाकून एका बुडख्यापाशी बसले. काप जमिनीला लागून, किंचित तिरका, पाणी निथळून जावे असा होता आणि सालीच्या कडेने लालसर कोंब वर येत होते. त्यांनी ते बोटाने मोजायला सुरुवात केली आणि म्हणाले, "अगं, हा तर खोडवाच की."

या पद्धतीला इंग्रजीत कॉपिसिंग म्हणतात हे मला माहीत होते, पण ते कळले त्या क्षणी. उसाची लागण तुटून गेल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना फुटवे येतात आणि त्यांवर दुसरे पीक घेतले जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. येथे तेच काम हेझल, अ‍ॅश, आल्डर या झाडांवर चालते. नुसते हेझल घ्यायचे असेल तर सात ते दहा वर्षांनी आणि अ‍ॅशच्या जाड बल्ल्या हव्या असतील तर वीस-पंचवीस वर्षांनी झाड बुडख्यापर्यंत कापायचे. मुळे जमिनीत शाबूत असल्यामुळे नवे कोंब बीपासून उगवलेल्या रोपापेक्षा कितीतरी जोमाने वाढतात. रानाचे तुकडे पाडलेले असतात आणि दर हिवाळ्यात पाने झडल्यावर त्यांतील एखाद-दुसरा तुकडा तोडणीला येतो, त्यामुळे कोणत्याही वर्षी रानात काल तोडलेल्यापासून विशी ओलांडलेल्यापर्यंत सर्व वयांचे तुकडे शेजारी शेजारी उभे असतात. मध्ये राखलेले ओक मात्र पाऊणशे-शंभर वर्षांनी तुळया-खांबांसाठी उतरवायचे. इमारती लाकूड वेगळे आणि जळाऊ वेगळे हा जो भेद आपण बोलण्यात सहज करतो, तोच मध्ययुगीन इंग्लंडच्या हिशेबांतही होता. ओक हे इमारती, बाकीचे सरपण, कूड, कुंपण आणि अवजारांचे दांडे यांसाठी.

ब्रॅडफिल्डमध्ये ही तोडणी इ. स. १२५२ पासून चालू असल्याचे कागदोपत्री दाखवता येते. त्या काळी हे रान बेरी सेंट एडमंड्सच्या श्रीमंत मठाच्या मालकीचे होते. आठव्या हेन्रीने देशभरातील मठ मोडीत काढले, त्यात १५३९ मध्ये हाही मठ गेला, मालक बदलत राहिले. पण रानाची पाळी चुकली नाही. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचे राज्य होते, तेव्हापासून आजवर एकाच रानातले तेच बुडखे पुन्हा पुन्हा कापले जात आहेत, हे अण्णांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि ढोरं?" प्रश्न अगदी नेमका होता, कारण कोवळ्या फुटव्याचा खरा शत्रू चरणारे जनावर हाच असतो. त्याचे उत्तर रानाच्या कडेलाच होते. रानाभोवती मातीचा रुंद, आता झिजून गोलसर झालेला बांध आहे आणि त्याला लागून बाहेरच्या अंगाला चर. बाहेरची गुरे आत येऊ नयेत म्हणून मध्ययुगात माणसांनी हातांनी खणलेला हा बांध अजून ओळखू येतो. त्याच्यावर उभे राहून पाहिले, तर एका बाजूला गव्हाचे शेत आणि दुसऱ्या बाजूला रान दिसते.

आत एका ठिकाणी अ‍ॅशचा एक अतिप्राचीन बुडखा आहे. तो एकच बुडखा आहे हे प्रथम कळतही नाही, कारण शतकानुशतके कापून कापून तो बाहेरच्या बाजूला पसरत गेला आहे, मधला भाग कुजून गेला आहे आणि उरले आहे ते फुटव्यांचे एक मोठे, तुटक कडे. त्याचा व्यास पाच मीटरहून अधिक आहे आणि वय हजार वर्षांच्या घरात मानले जाते. येथे मात्र उसाची उपमा संपते. खोडव्यानंतर निडवा घेतला, की उतारा घसरतो आणि शेवटी रान नांगरून पुन्हा लागण करावी लागते. अ‍ॅशचे उलट आहे. न कापलेले अ‍ॅशचे झाड साधारण दोनशे वर्षांत म्हातारे होऊन पडते, नियमाने कापलेले मात्र त्याच्या कित्येक पट जगते. अण्णांनी त्या कड्याला एक फेरी मारली आणि परत येताना पायातील बूट काढून हातात घेतले. मी कारण विचारले नाही.

रानाची फुले पाहण्यासाठी लोक एप्रिल-मेमध्ये येतात, आणि त्या फुलांचाही संबंध कुऱ्हाडीशी आहे. तुकडा तोडला, की कित्येक वर्षांनी जमिनीवर ऊन पोहोचते आणि सावलीत तग धरून राहिलेली सारी झाडी दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात एकदम फुलते. आम्ही गेलो तेव्हा दोन वर्षांपूर्वी तोडलेल्या तुकड्यात पांढऱ्या वुड अ‍ॅनिमोनींची चादर होती, ब्लूबेल नुकत्या निळ्या होऊ लागल्या होत्या आणि त्यांच्यामधून फिक्या पिवळ्या ऑक्सलिपचे एका बाजूला कललेले झुबके वर आले होते. ऑक्सलिप हे फूल ब्रिटनमध्ये जवळजवळ केवळ पूर्वेकडील या चिकणमातीच्या पट्ट्यातच, सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशरच्या जुन्या रानांत आढळते. अ‍ॅनिमोनीची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. ती बीपेक्षा जमिनीखालच्या खोडावरच अधिक पसरते, तेही शंभर वर्षांत साधारण सहा फूट एवढ्याच वेगाने. म्हणजे आमच्यासमोरची ती चादर विणायला किती पिढ्या लागल्या असतील याचा हिशेब कोणीही पायांनी मोजून करू शकतो. अशी फुले भरपूर दिसली, की रान जुने आहे असे जाणकार ओळखतात. इंग्लंडमध्ये १६०० पासून अखंड उभ्या असलेल्या रानाला प्राचीन रान म्हणतात, कारण त्याआधी झाडे लावून रान करण्याची रीत फारशी नव्हती. ब्रॅडफिल्डमध्ये वनस्पतींच्या ३७० हून अधिक जातींची नोंद आहे.

पाच-सात वर्षे वाढलेली दाट झुडपे नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्याला लागतात, तर डॉर्माउस या सोनेरी, झुबकेदार शेपटीच्या चिमुकल्या प्राण्याला त्याहून जुने, शेंगदाण्याएवढी फळे धरू लागलेले हेझल लागते. एकालाच सोयीचे रान दुसऱ्याला चालत नाही, म्हणून सर्व वयांचे तुकडे हवेत. तोडणी थांबवून हे रान "निसर्गावर सोडले" असते, तर आज त्यातील बरेच काही उरले नसते, असे मला आता ठामपणे वाटते.

थांबण्याची वेळ आली होतीच. दगडी कोळसा रेल्वेने गावोगाव पोहोचल्यावर सरपणाला गिऱ्हाईक उरले नाही आणि इंग्लंडमधील बहुतेक कॉपिस रानांत तोडणी बंद पडली. ब्रॅडफिल्ड टिकले, त्याचे एक कारण जवळच्या लिटल वेलनेथम गावातील एक छोटा कारखाना होता. तेथे गवत गोळा करण्याचे दाताळे आणि विळ्यांचे दांडे बनत आणि त्यांसाठी अ‍ॅशचे सरळ, चिवट लाकूड या रानातून जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र धान्याच्या उत्पादनाचे पारडे जड झाले. १९६० च्या दशकात या रानाचा मंक्स पार्क नावाचा मोठा भाग यंत्रांनी मुळासकट उपटून शेतीखाली आणला गेला. उरलेलेही गेले असते, पण १९७० मध्ये निसर्गसंवर्धनासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ते विकत घेतले, आणि आज सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट त्याची निगा राखतो. केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांनी आयुष्यभर अशा रानांचा अभ्यास केला. त्यांचे म्हणणे साधे होते: कापल्याने इंग्लंडमधील रान मरत नाही, ते पुन्हा उगवते, मरते ते मुळे उपटून नांगरल्याने. उपटलेल्या भागाच्या जागी आज गहू आहे. बांधावरून आम्ही पाहत होतो ते कदाचित तेच शेत असेल, या विचाराने मला तेथे उभे राहवले नाही.

आता संकटे वेगळी आहेत. गुरांऐवजी हरणे आहेत. त्यांतील फॅलो हरणे नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकानंतर आणली, तर मुंटजॅक ही ठेंगणी आशियाई जात विसाव्या शतकाच्या आरंभी एका जमीनदाराच्या उद्यानातून बाहेर पडून पसरली. लांडगा या देशातून केव्हाच संपल्यामुळे त्यांना आवर घालणारे कोणी नाही, म्हणून तोडलेल्या तुकड्याला कुंपण घालावे लागते. अण्णांनी त्या कुंपणाची वीण तपासली आणि आमच्याकडच्या बाभळीच्या कुपाटीइतके ते पक्के नाही, असे मत दिले.

दुसरे संकट कुंपणाने अडत नाही. अ‍ॅशची मर करणारी एक बुरशी युरोपभर पसरत आली आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम सापडली, आधी एका रोपवाटिकेत आणि मग त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नॉरफोक-सफोकच्या मोकळ्या रानांत. तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात, पाने काळवंडून लोंबतात आणि फांदीच्या बेचक्याशी साल पत्त्यांतील चौकटच्या आकारात खचते. जून झाडे काही वर्षे तग धरतात, पण कोवळे फुटवे लवकर बळी पडतात. ज्या तोडणीने हजार वर्षे अ‍ॅशला जगवले, त्याच तोडणीनंतरचा कोंब आता सर्वांत नाजूक ठरतो. याहून क्लेशदायक गोष्ट मला या रानात दुसरी दिसली नाही. थोडी झाडे या बुरशीला दाद देत नाहीत असे आढळले आहे, आणि साऱ्या आशा त्यांच्यावर आहेत.

अण्णा मेच्या अखेरीस गावी परतले. जूनमध्ये मी एकटीच पुन्हा गेले. ज्या बुडख्यापाशी ते बसले होते तो हेझलचा होता. त्याचे कोंब आता माझ्या कमरेपर्यंत आले होते आणि पाने इतकी रुंद होती, की बुडखा दिसेनासा झाला होता. त्याच्या शेजारी अ‍ॅशचा एक बुडखा होता, त्याच्या कोंबांतील काहींचे शेंडे काळे पडून वाकले होते. संध्याकाळी फोनवर मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. अण्णांनी आधी अ‍ॅशचे विचारले: सगळेच कोंब गेले का? मी म्हटले, अकरापैकी चार. खालचे सात हिरवे आहेत.

"मग पुढच्या महिन्यात परत बघून ये," ते म्हणाले, "आणि मोजून सांग."