सुटे भाग जागेवार, पाने मापावार

घरी मोटारसायकल खोलणाऱ्या माणसाचे काम बहुतेक वेळा कौशल्य कमी पडल्याने अडत नाही, कामात खंड पडल्याने अडते. रविवारी सकाळी क्लचचे झाकण काढावे, आतल्या प्लेटा झिजलेल्या दिसाव्यात, परभणीच्या दुकानदाराने "या मॉडेलच्या संभाजीनगरहून मागवाव्या लागतील, गुरुवारपर्यंत येतील" असे सांगावे, गुरुवारी नेमके घरी पाहुणे यावेत, आणि पुढचा रविवार कोणाच्या तरी लग्नात जावा, हा क्रम आपल्याकडे नेहमीचाच आहे. गाडी ओसरीत उघडी उभी राहते आणि आपण पुन्हा तिच्याजवळ बसतो तेव्हा समोरच्या डब्यातला कोणता बोल्ट कुठला, हे काही केल्या आठवत नाही. सुट्या भागांची आणि हत्यारांची व्यवस्था लावायची ती या खंडासाठी. काम एका बैठकीत संपणार असेल, तर व्यवस्थेवाचूनही ते बहुधा निभावते.

म्हणूनच गॅरेजमधल्या उस्तादांचे पाहून आपण तसेच करायला जाऊ नये, असे माझे मत आहे. ऑइलचा एक कापलेला डबा, त्यात साऱ्या गाडीचे नटबोल्ट, आणि तरीही तासाभरात गाडी जोडून रस्त्यावर, ही त्यांची रीत निष्काळजीपणाची नाही. एकाच प्रकारच्या गाड्या रोज हाताखालून जात असल्याने बोल्ट हातात येताच त्याची जागा त्यांना ठाऊक असते. आमच्या भागातल्या एका उस्तादांना मी माझे पुठ्ठे आणि चिठ्ठ्या दाखवल्या तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, तुमचं हे लिहून ठेवायचं काम लई चांगलंय, पण आमचं गिऱ्हाईक दारात उभं राहतंय की!" त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांच्या डोक्यात जो नकाशा आहे तो आपल्याकडे नसतो, म्हणून आपल्याला तो पुठ्ठ्यावर काढावा लागतो.

सुटे भाग ठेवताना मन आपोआप एका चुकीच्या दिशेला जाते. सगळे बोल्ट एका डब्यात, सगळे वायसर दुसऱ्यात, स्प्रिंगा तिसऱ्यात, अशी धान्य निवडल्यासारखी विभागणी आपल्याला नीटनेटकी वाटते. दिसायला ती छानही दिसते. पण जोडताना आपल्याला "सहा मिलिमीटरचा एक बोल्ट" नको असतो, तर मॅग्नेटच्या (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूच्या झाकणाचा, खालच्या अंगाचा, पुढून दुसरा बोल्ट हवा असतो. भाग जातीवरून वेगळे केले की त्यांची जागा पुसली जाते, आणि आपल्याला जपायची असते ती जागाच. त्यामुळे सुटे भाग नेहमी जिथून निघाले त्या ठिकाणानुसार आणि ज्या क्रमाने निघाले त्या क्रमानुसार ठेवावेत. एका झाकणाचे सारे एकत्र, एका चाकाचे सारे एकत्र, मग त्यात नट, बुश आणि रबर अशी मिसळ झाली तरी हरकत नाही.

इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या आपल्या नेहमीच्या गाड्यांत हे झाकण सहसा ६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांनी बसवलेले असते. डोकी सगळ्यांची सारखी, आटे सारखे. लांबी मात्र वेगवेगळी, आणि दोन बोल्टांतला फरक कधी कधी अवघा पाच मिलिमीटरचा असतो. लांब बोल्ट उथळ भोकात गेला, तर त्याचे टोक तळाला टेकते. हाताला बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण झाकण दाबले गेलेलेच नसते आणि तिथून ऑइल पाझरू लागते. तरीही जोर केला, तर ॲल्युमिनियमचे आटे निघतात किंवा भोकाची भिंत तडकते. उलट आखूड बोल्ट खोल भोकात गेला, तर तो जेमतेम दोन-तीन आट्यांवर धरतो आणि आवळताना तेवढे आटे घेऊनच बाहेर येतो. इतक्या आकाराच्या बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. आटे एकदा निघाले, की त्या भोकात नवे आटे पाडण्यासाठी लेथवाल्याकडे खेटे घालावे लागतात, आणि तो खर्च क्लचप्लेटांपेक्षा जास्त मनस्ताप देणारा असतो.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यावा, त्यावर झाकणाची बाह्यरेषा ढोबळमानाने पेन्सिलीने काढावी, पुढचे चाक कोणत्या बाजूला ते बाण काढून दाखवावे आणि प्रत्येक बोल्टाच्या जागी डिसमिसने भोक पाडावे. बोल्ट निघाला की तो पुठ्ठ्यावरच्या त्याच भोकात खोचायचा. क्लचच्या केबलची पट्टी किंवा वायरिंगची क्लिप ज्या बोल्टाखाली होती, ती त्या बोल्टासकट पुठ्ठ्यावरच अडकवायची. तांब्याचा वायसर असला, तर तोही तिथेच. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात एवढे जरूर लिहावे की झाकण नेमके जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिना इंजिनाच्या बाजूला राहिल्या की झाकणाबरोबर आल्या, आणि ऑइलच्या मार्गावर ओ-रिंग होती की नव्हती. या दोन गोष्टी नंतर हमखास वादाचा विषय होतात, आणि वाद घालायला समोर दुसरे कोणीही नसते. पुठ्ठ्याचा आणखी एक गुण म्हणजे पुढच्या वेळी तोच उपयोगी पडतो. ऑइलचे डाग पडलेले असे पुठ्ठे मी खिळ्याला टांगून ठेवतो. घरच्यांना ते रद्दी वाटतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते वाचवणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते.

मागच्या चाकाला पुठ्ठा लागत नाही, कारण तिथे एक्सल स्वतःच क्रम सांभाळते. एक्सल ओढून काढल्यावर कॉलर, वायसर, चेन ॲडजस्टर ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाले त्याच क्रमाने लगेच एक्सलमध्ये ओवावेत आणि टोकाला नट दोन आटे फिरवून ठेवावा. एका हालचालीत सगळे जागेवर राहते. हाच न्याय जिथे शक्य असेल तिथे लावावा: टाकी उतरवली की तिचा बोल्ट त्याच भोकात हाताने परत बसवून टाकावा, सायलेन्सरचे नट त्यांच्या स्टडवरच फिरवून ठेवावेत. डब्यात न गेलेला नट हरवत नाही. चेनचे लॉक मात्र लहान पुडीत, आणि पुडीवर आठवण म्हणून एक रेघ लिहून ठेवावी, की लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला असले पाहिजे.

जुन्या गाड्यांचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती छर्ऱ्यांची बैठक, खोलताना खाली आधी स्वच्छ कापड अंथरावे, कारण फोर्क थोडा खाली सरकला की ग्रीसमध्ये बसलेले छर्रे एकेक करून निसटू लागतात. वरच्या कपातले आणि खालच्या कपातले छर्रे संख्येने सारखे असतीलच असे नाही; म्हणून दोन वेगळ्या वाट्या, दोन्हींवर वर-खाली अशी खूण, आणि मोजून आलेला आकडा कागदावर, एवढे तरी करावेच. इंजिनाचे वरचे काम असेल तर हीच शिस्त आणखी कडक हवी. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा आणि लॉक एकमेकांत मिसळू नयेत, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटबरोबर घासून बसलेला असतो. पिस्टनपिनचे लॉक काढण्यापूर्वी खालच्या उघड्या क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबून घ्यावे. ते लॉक उडाले आणि आत गेले, तर बाकी सगळी व्यवस्था निरर्थक ठरते. हे लॉक पुन्हा वापरायचे नसते, नवेच घालायचे असते. तरीही जुने सापडेपर्यंत मन शांत राहत नाही, कारण ते बाहेर पडले आहे याची खात्री त्याशिवाय होत नाही.

कार्ब्युरेटरसाठी मला सर्वांत सोयीची वाटलेली वस्तू म्हणजे इडलीपात्रातली जुनी ताटली. खोलगट कप्पे वेगवेगळे असतात, भाग घरंगळत नाहीत आणि धुतल्यावर पेट्रोल खालच्या छिद्रांतून निथळते. एका कप्प्यात मेन जेट, दुसऱ्यात पायलट जेट, तिसऱ्यात फ्लोट, त्याची पिन आणि नीडल, चौथ्यात मिक्श्चरचा स्क्रू, त्याची स्प्रिंग, अगदी बारीक वायसर आणि ओ-रिंग. मिक्श्चरचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवावे; पुन्हा बसवताना तेवढेच फेरे बाहेर घेतले की गाडी निदान चालू होते, पुढचे बारीक जुळवणे नंतर करता येते. स्लाइडच्या लांब सुईवरची क्लिप कितव्या खाचेत होती, हेही तसेच लिहावे. रबराचे भाग मात्र जेटांबरोबर क्लीनरमध्ये बुडवू नयेत. ते फुगतात आणि परत खाचेत बसत नाहीत. ती ताटली स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नये, हे सांगायला नकोच.

चुंबकाची वाटी हल्ली बाजारात सहज मिळते आणि ती मोहक आहे, पण जेट पितळेचे, वायसर तांब्याचे आणि डझनभर भाग ॲल्युमिनियमचे, यांना चुंबक धरत नाही. शिवाय बेरिंग आणि छर्रे चुंबकावर ठेवले की तेही थोडे चुंबक होतात आणि लोखंडाचा कीस ओढून घेतात. तेव्हा ती वाटी बोल्टांपुरतीच ठेवावी.

मोबाइलवर फोटो काढणे हा आजचा सर्वमान्य उपाय आहे, आणि वायरिंगच्या बाबतीत त्याला तोड नाही. हेडलाइटच्या मागचा गुंता सोडवण्यापूर्वी दोन-तीन बाजूंनी काढलेले फोटो आणि जोडांवर चिकटवलेले मास्किंग टेपचे क्रमांक असले की काम निम्मे होते. परंतु फोटोत बोल्टाची लांबी दिसत नाही, आणि एका वायसरच्या मागे दुसरा होता की नाही हेही दिसत नाही. त्यातच ऑइलने माखलेल्या हातांनी फोन धरायचा कंटाळा येतो आणि नेमका महत्त्वाचा फोटो राहून जातो. म्हणून फोटोच्या जोडीला वही हवीच.

मराठवाड्यात या सगळ्यात माती आणि हवामान यांचाही विचार करावा लागतो. अंगणात फरशी नसेल, तर काळ्या मातीवर पडलेला काळपट बोल्ट दिसत नाही, आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडलेल्या असतील, तर नट त्या भेगेत गेला की तारेला चुंबक बांधून शोधण्यात अर्धी दुपार जाते. खताची पांढरी रिकामी गोणी उसवून, धुऊन, गाडीखाली अंथरावी. पडलेली वस्तू त्यावर लगेच उठून दिसते. मोसंबीचे प्लास्टिकचे कॅरेट मोठ्या भागांना, म्हणजे चाकाचे ड्रम, सायलेन्सर, साइड पॅनेल यांना उत्तम. बारीक वस्तू मात्र त्याच्या जाळीतून पडतात. मे महिन्यात वावटळ कधी अंगणात शिरेल याचा नेम नसतो, म्हणून इंजिन उघडे असेल तर प्रत्येक तोंडावर कापड बांधूनच उठावे, चहाला उठतानासुद्धा. पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी दिव्याखाली काम करू नये. पाकोळ्या थेट दिव्यावर झेपावतात आणि ग्रीस लावलेल्या बेरिंगमध्ये पंख अडकवून बसतात.

हत्यारांचा नियम याच्या नेमका उलटा आहे. सुट्या भागांची मांडणी तात्पुरती आणि गाडीच्या रचनेप्रमाणे. हत्यारांची मांडणी कायमची, मापाप्रमाणे आणि हाताच्या सवयीप्रमाणे. १९८५ साली संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या वाढत गेल्या, आणि आपल्याकडच्या अनेक घरांतले कोणी ना कोणी तिथे कामाला लागले. माझा मावसभाऊ अशाच एका कंपनीत आहे. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवायची आणि पाना तिच्यावर टांगायचा, म्हणजे रिकामी आकृती दिसताच काय गायब आहे ते कळते, ही युक्ती मी त्याच्याकडून घेतली. कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या सेइरी, सेइतोन वगैरे पाच जपानी शब्दांचा फलक तिथे भिंतीवर असतो, असे तो सांगतो. घरी फलकाची गरज नाही, रंगवलेली फळी मात्र असावी.

फळीवर सगळा बाजार मांडू नये. हिरो-होंडाच्या वळणाच्या गाड्यांना ८, १०, १२, १४ आणि १७ हे पाने वारंवार लागतात. तेवढे रिंग पाने, त्याच मापांच्या गोट्या (सॉकेट), ८ आणि १०चे टी-पाने, पक्कड आणि डिसमिस हे डोळ्यांच्या उंचीवर, आणि मॅग्नेट ओढून काढायच्या पुलरसारखी वर्षातून क्वचित लागणारी हत्यारे खालच्या पेटीत. डिसमिसबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जपानी रचनेच्या चौफुलीच्या स्क्रूची खाच नेहमीच्या फिलिप्स डिसमिसशी तंतोतंत जुळत नाही. फिलिप्स वर सरकतो आणि खाच खातो. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा बारीक ठिपका असतो. जपानी मापाचा डिसमिस वेगळा घ्यावा, त्याच्या मुठीला रंगीत टेप गुंडाळावी आणि त्याची जागा फिलिप्सच्या शेजारी ठेवू नये, नाही तर घाईत तोच चुकीचा हाती येतो. क्लिक होणारा टॉर्क पाना असेल, तर तो ठेवण्यापूर्वी सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा.

उरला शेजाऱ्यांचा प्रश्न. आपल्या गल्लीत फळीवर पाने टांगलेले दिसले की "सर, दहा-अकरा आहे का?" अशी विचारणा होणारच, आणि नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. मी रिकाम्या आकृतीत नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावतो. चिठ्ठी ओसरीतून जाता-येता सर्वांना दिसते, त्यामुळे मागायला जाण्याची वेळ सहसा येत नाही. टॉर्क पाना, जपानी डिसमिस आणि बारीक फट मोजायचा फीलर गेज यांना मात्र फळीवर जागाच दिलेली नाही. ती कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली सौभाग्यवतींकडे असते.