पिसं झाडणारा पक्षी

आमची आई जावळी तालुक्यातली. तीस वर्षं तिने परसात कोंबड्या पाळल्या. मेढ्याच्या बाजारात अंडी विकून दादाची आणि माझी वह्या-पुस्तकं घेतली. आता ती माझ्याकडे साताऱ्यात, गोडोलीत असते. दादा नोकरीसाठी केपटाऊनला. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो आम्हाला सायमन्स टाऊनच्या बोल्डर्स बीचवर घेऊन गेला.

गाडी लावली तिथेच पाटी होती: निघताना गाडीखाली पेंग्विन आहे का ते बघा. दादाने वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "आपण न्हाय का ट्रॉली हलवायच्या आदी पिल्लं बघत?" आत शिरण्याआधीच आवाज आला. थेट गाढवाचं ओरडणं. वीटभट्टीवरची गाढवं आठवून आई इकडेतिकडे बघायला लागली.

ही जागा टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानात येते. वसाहतीच्या वाळूत उतरता येत नाही, लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच बघायचं. मला ते फार आवडलं. कासला फुलांत बसून फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत आणि दरवेळी जीव तुटला आहे.

गुडघ्याएवढे पक्षी. मोठमोठ्या गोल खडकांच्या सावलीत उभे. डोळ्यांवर गुलाबी कातडी असते. उकाडा वाढला की तिथे रक्त जास्त जातं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. एक मात्र अगदी कडेला, खडकाला टेकून, मान खाली घालून उभा होता. अंगावर पिसांचे बोळे लोंबत होते. मला वाटलं, आजारी आहे. कुणाला तरी सांगावं.

"आगं आजारी न्हाय त्यो," आई म्हणाली. "पिसं झाडतोय. आपल्या कोंबड्या न्हाय का झाडायच्या?"

तिचं बरोबर होतं. पण कोंबडी पिसं झाडतानाही दाणा टिपत असते. पेंग्विनची सगळी पिसं एकदमच बदलतात. तीन आठवडे पिसं पाणी अडवत नाहीत म्हणून समुद्रात जाता येत नाही, आणि समुद्र नाही तर मासा नाही. आधी खाऊन जी चरबी साठवली तिच्यावर हे दिवस काढायचे. वजन जवळजवळ निम्मं होतं. दादा हे सांगत होता तेव्हा आई कठड्याला धरून त्या पक्ष्याकडेच बघत होती.

"आन् आदी पोटभर मिळालंच नसंल तर?"

प्रश्न तोच आहे. सार्डिन आणि अँचोव्ही हे त्यांचे मासे. ते मासेमारीने आणि बदलत्या समुद्राने कमी झाले. १९८२ मध्ये या किनाऱ्यावर दोन जोड्या आल्या आणि त्यांची एवढी वसाहत झाली, हे खरं. पण जगात आफ्रिकन पेंग्विनच्या दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत. आम्ही जायच्या दोनच महिने आधी त्यांची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली होती.

वाळूत पुरलेली कृत्रिम घरटी दिसली तेव्हा आईने विचारलं, "ह्यास्नी खुराडं कशाला लागतंय?" पूर्वी हे पक्षी बेटांवर आपल्याच विष्ठेच्या जाड थरात बीळ करून अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात लोकांनी तो थर खरवडून खत म्हणून विकला. अंडी उघड्यावर आली, उन्हात तापली, सीगल उचलून न्यायला लागले. वर माणसांनीही लाखो अंडी खाण्यासाठी गोळा केली. कोंबडखताची किंमत आईला कुणी सांगायला नको. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मार्च २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवती दहा वर्षं सार्डिन-अँचोव्ही पकडायला बंदी झाली. त्या सहांत बोल्डर्स नाही. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं.

जानेवारीत आम्ही साताऱ्याला परतलो. रविवारी दादाचा फोन आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "त्याची पिसं आली का रं?" शेवटी दादा मुद्दाम पुन्हा जाऊन आला. त्या खडकापाशी पिसं पडलेली होती, पक्षी नव्हता.

"मंग गेला आसंल पोटाला," आई म्हणाली, आणि दुपारनंतर पहिल्यांदा चहा मागितला.