‘बॉल गेला असता का?’ हा प्रश्नच चुकीचा: गोलटेंडिंगच्या वादाबद्दल

१९ मार्च २०१५, लुइव्हिल. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेत एसएमयूचा संघ यूसीएलएविरुद्ध ५९-५७ ने पुढे, घड्याळात सुमारे १३ सेकंद. यूसीएलएच्या ब्राइस आल्फर्डने थ्रीचा, म्हणजे तीन गुणांचा, शॉट मारला. बॉल रिंगजवळ खाली येत असताना एसएमयूच्या यानिक मोरेराने त्याला हात लावला आणि गोलटेंडिंगची, म्हणजे रिंगकडे खाली येणारा शॉट बेकायदा अडवल्याची, शिट्टी वाजली. थ्रीचा प्रयत्न होता, म्हणून यूसीएलएला गुणही तीन. ६०-५९! उरलेल्या सेकंदांत एसएमयूचे शॉट चुकले आणि सहाव्या मानांकनाचा संघ अकराव्याकडून हरून घरी गेला.

दहा वर्षांनंतरही चाहते एकाच मुद्द्यावर भांडतात: शॉट आखूड होता, आत गेलाच नसता. पण नियम ‘गेला असता का’ असं विचारतच नाही. त्याला चार गोष्टी हव्यात. बॉल शॉटचा असावा, खाली येत असावा, अख्खा रिंगच्या पातळीच्या वर असावा आणि आत जाण्याची शक्यता असावी. शक्यता म्हणजे खात्री नव्हे. दहातले नऊ वेळा बाहेर जाईल असा बॉलही यात बसतो. तेव्हाचे एनसीएएचे पंचप्रमुख जॉन अॅडम्स यांनी निर्णय योग्य ठरवला तेव्हा लोक चिडले, कारण त्यांच्या डोक्यात वेगळाच नियम होता. माझ्या मते वादाला खरी जागा आहे ती तिसऱ्या अटीत: अख्खा बॉल रिंगच्या वर होता का? बॉलचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर, म्हणजे खालची कडा रिंगखाली दोन बोटं जरी उतरली असेल तरी उल्लंघन नाही.

इथेच रिप्ले फसवतो. नेहमीचा कॅमेरा रिंगपेक्षा उंचावर असतो आणि खाली बघतो. बॉल रिंगच्या अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला असेल तर तो प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतो, पलीकडे असेल तर वर. बास्केटखालच्या जमिनीवरच्या कॅमेऱ्यात हेच उलटं होतं. थेट वरून घेतलेल्या चित्रात उंची कळतच नाही. उंचीचा निवाडा करायचा तर ३.०५ मीटरवर, रिंगच्या रेषेत असलेला बाजूचा कॅमेराच हवा.

‘खाली येत होता का’ हेही फोटो थांबवून ठरत नाही. सर्वोच्च बिंदूपासून सेकंदाच्या तिसाव्या भागात बॉल जेमतेम अर्धा सेंटिमीटर पडतो, दहाव्या भागात पाच. शेजारच्या दोन फ्रेममध्ये फरक दिसणार कुठून? हात लागण्याआधीचे पाच-सहा फ्रेम मागे जाऊन बघा.

आपल्याकडच्या खेळाडूंचा आणखी एक गोंधळ होतो. भारतात फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. तिथे शॉट रिंगला लागून उसळला की तो रिंगवर असतानाही टॅप करून काढता येतो. अमेरिकन कॉलेजात मात्र रिंगच्या वरचा काल्पनिक नळकांड्यासारखा भाग बंद असतो, त्यातल्या बॉलला हात लावला की उल्लंघन. त्यामुळे पुण्यात वा नागपुरात खेळून तिकडे शिकायला गेलेला प्रेक्षक पहिल्या महिन्यात पंचांवर उगाच ओरडत बसतो.

मग खरी चूक कशी असते? १८ मार्च २०१७, सॉल्ट लेक सिटी, नॉर्थवेस्टर्न विरुद्ध गोन्झागा. पाचेक मिनिटं बाकी, गोन्झागा ६३-५८ ने पुढे. गोन्झागाच्या झॅक कॉलिन्सने खालून रिंगमधून हात वर घालून नॉर्थवेस्टर्नच्या डेरेक पार्डनचा शॉट अडवला. यात शक्यता, उंची असलं काही मोजायचंच नव्हतं, तरीही शिट्टी वाजली नाही. नॉर्थवेस्टर्नचे प्रशिक्षक ख्रिस कॉलिन्स संतापून कोर्टवर आले, त्याबद्दल टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा दंड) झाला आणि गोन्झागाने दोन्ही फ्री थ्रो टाकले. मिळायचे दोन गेले, वर दोन द्यावे लागले. चूक झाल्याचं एनसीएएने नंतर मान्य केलं. सामना ७९-७३ असा संपला, त्यामुळे ‘ते चार गुण असते तर’ हा हिशेबही सरळ बसत नाही.

मोरेराच्या वेळी गोलटेंडिंगचा निर्णय पडद्यावर तपासायची सोयच नव्हती. पुढे ती आली, पण सुरुवातीला कोर्टवर आधी शिट्टी वाजलेली असेल तरच. म्हणजे त्या नियमाने मोरेरावरची शिट्टी तपासता आली असती, झॅक कॉलिन्सचा हात मात्र तसाच सुटला असता.