पाच आणि तीनमध्ये मोठा सहा

मेमधली दुपार. लाइट गेलेली, खिडकीला ओला टॉवेल टांगलेला (सोलापुरात टॉवेलला काय तोटा), आणि जरा डोळा लागतोय तोच शेजारची डिप्लोमावाली पोरगी मोबाइल नाचवत आली.

"काका, पाच आणि तीनमध्ये मोठा कोण?"

"पाच."

"हा सहा म्हणतोय."

मोबाइलवरच्या कंपायलरमध्ये (प्रोग्राम चालवून दाखवणारं ॲप) तिनं सी भाषेत मॅक्स नावाचा मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे नाव येईल तिथं जसाच्या तसा चिकटणारा मजकूर. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर पहिला, नाहीतर दुसरा. कंस सगळे जागच्या जागी. फक्त आत टाकताना तिनं नुसते आय (पाच) आणि जे (तीन) न टाकता आय प्लस प्लस, जे प्लस प्लस टाकलं होतं. प्लस प्लस म्हणजे किंमत वापरली की लगेच ती एकानं वाढव.

"आता आय किती झाला बघ."

"सात."

"आणि जे?"

"चार."

मला एकदम आजी आठवली. मंगळवारच्या बाजारात शेंगदाणे घ्यायचे म्हणजे आजी दोन पोत्यांच्या मधोमध बसकण मारायची. ह्या पोत्यातला एक दाणा, त्या पोत्यातला एक. डोळे मिटून चावायची. मग जो गोड लागला त्या पोत्यात परत हात. "खात्रीला," म्हणायची. दुकानदार कळवळायचा, "आज्जी, ज्याचा माल चांगला त्यालाच डबल दंड व्हय?" हरलेल्या पोत्यातला एक दाणा गेलेला, जिंकलेल्यातले दोन. आणि पिशवी भरायची ती दुसऱ्या दाण्यावर. तो खवट निघाला की तोंड वाकडं करून आजी उठायची, आणि त्या वेळची चटणी राहून जायची.

मॅक्रो तेच करतो. तुलनेला एकदा आणि उत्तर द्यायला एकदा, म्हणजे मोठ्याला दोनदा हात लागतो. पाचाची तुलना झाली, तेवढ्यात तो सहा झाला, सहाच उत्तर म्हणून हातात आलं आणि मागे राहिला सात. फंक्शन असतं तर किमती आधी मोजून घेतल्या असत्या. पण सीच्या मानक लायब्ररीत दोन पूर्णांकांतला मोठा सांगणारं फंक्शनच नाही. 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. तेव्हापासून आजतागायत ज्यानं त्यानं आपापला मॅक्स लिहायचा. 1999 च्या मानकात मॅक्रोच्या जागी वापरता येणारं इनलाइन फंक्शन आलं तरी हाताची सवय जात नाही.

मॅक्रोला गणित कळत नाही, तो नुसता निरोप्या. लहानपणी मला आईनं वाण्याकडे पिटाळलं होतं, "त्याला म्हणावं, मागची डाळ किडकी होती." मी दुकानात जाऊन मोठ्यानं म्हणालो, "त्याला म्हणावं, मागची डाळ किडकी होती." वाणी म्हणाला, "कुणाला म्हणू?"

म्हणून मी कंसांना जपतो. मॅक्रोला बाहेरचा कंस नसेल आणि पाच-तीनच्या मॅक्सपुढे अधिक एक लिहिलं, तर तो एक गुपचूप तीनला जाऊन चिकटतो आणि उत्तर पाचच राहतं. ह्या धास्तीनं मी किराणाच्या यादीतही कंस घालतो. बायको यादी वाचताना "कंस सुरू, साबण, कंस पुरा" असं म्हणते. म्हणू दे.

"पण काका, मोठ्यालाच का दोनदा?" पोरीनं विचारलं.

मी सांगणार होतो. पण मला आमच्या घरातली वाक्यं ऐकू यायला लागली. रेशनच्या रांगेत कोण उभं राहणार? दादा, तो मोठा आहे. गल्लीतल्या नळावरून घागरी कोण आणणार? दादा, मोठा आहे ना. दहावीला माझ्यापेक्षा चांगले मार्क पडले होते त्याला. त्याच जूनमध्ये वडिलांचा हात मागात सापडला आणि घरात पुन्हा तोच प्रश्न निघाला. दादा टॉवेलच्या कारखान्यात लागला, मी कॉलेजात गेलो.

"दोन ओळी वर लिही," मी तिला म्हणालो, "आधी किमती वेगळ्या ठेव, मग तुलना कर."

ती गेली. पंखा फिरायला लागला. दादाची पाळी सहाला सुटते.